जुनी अमेरिकन गाडी संस्थेला दान करायची आहे? कोल्हापुरातल्या मालकांसाठी कामाची माहिती

वाड्यामागच्या शेडमध्ये कॅडिलॅक, ब्युइक, पॅकार्ड नाहीतर क्रायस्लर वर्षानुवर्षं उभी आहे. चालवणारे गेले, मुलं पुण्याला किंवा परदेशात, आणि घरात विषय निघतो की ही गाडी एखाद्या बालगृहाला किंवा शाळेला देऊन टाकावी. द्यावीच. फक्त संस्थेच्या बाजूने एकदा विचार करा. त्यांच्या दारात साडेपाच मीटर लांब, दोन टनांच्या घरातली आणि बहुतेक वेळा मयत माणसाच्या नावावर असलेली वस्तू येऊन उभी राहणार आहे. तिचे कागद, तिची अवस्था आणि पुढे तिचं करायचं काय, हे तुम्ही आधीच मिटवून दिलंत तर संस्थेला खरी मदत होते. नाहीतर गाडी दोन पावसाळे आवारात भिजते आणि शेवटी भंगाराच्या भावाने जाते.

गाडी द्यायची की गाडीचे पैसे?

इंटरनेटवर अमेरिकेतल्या जाहिराती दिसतात: जुनी गाडी संस्थेला द्या, करसवलत घ्या. तिकडे ती सोय आहे. पाचशे डॉलरच्या वरची सूट मागायची असेल तर संस्था १०९८-सी हा फॉर्म देते, आणि संस्थेने गाडी विकली तर साधारणपणे जेवढ्याला विकली तेवढीच सूट मिळते. आपल्याकडे वस्तूरूपातल्या दानाला आयकरात सूट नाही. ८०जीची, म्हणजे आयकर कायद्यातली देणगीवरची, सूट फक्त पैशाच्या दानाला आहे. त्यातही दोन हजारांच्या वर रोख दिलेलं धरत नाहीत, आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सूटच मिळत नाही. कितीही लाखांची पॅकार्ड संस्थेच्या दारात नेऊन उभी केलीत तरी विवरणपत्रात एक रुपया दाखवता येणार नाही.

म्हणून बहुतेक घरांना सरळ सल्ला हा की गाडी संग्राहकाला विका आणि आलेले पैसे चेकने किंवा बँक ट्रान्सफरने संस्थेला द्या. सामान्य धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के सूट मिळते. सूट धरताना देणगीला एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा असते, त्यामुळे रक्कम मोठी असेल तर दोन आर्थिक वर्षांत विभागून द्या, म्हणजे एक भाग ३१ मार्चच्या आत आणि दुसरा एप्रिलमध्ये. संस्थेकडून साध्या पावतीवर थांबू नका. संस्थेने पुढच्या ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे देणग्यांचं १०बीडी विवरण भरायचं असतं आणि त्यावरून तुम्हाला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यावर तुमचा पॅन एका अक्षराने जरी चुकला तरी सूट अडकते.

विकताना आलेल्या नफ्याचं काय? स्वतःच्या वापराची मोटार ही वैयक्तिक वस्तू धरली जाते, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नसतो. पण ‘वापराची’ हे सिद्ध करावं लागतं. १९८३ साली वीस हजारांना घेतलेली १९३१ ची फोर्ड पुढे २१ लाखांना विकली गेली, त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कर लागू धरला. गाडी वापरता येण्यासारखी होती एवढं पुरेसं नाही, ती प्रत्यक्ष वापरल्याचा पुरावा हवा, असं त्यात ठरलं. घरातली पेट्रोलची बिलं, गॅरेजची बिलं, विम्याच्या जुन्या पॉलिस्या, लग्नकार्यातले तारखेसह फोटो फेकू नका. सीएकडे जाताना ती पिशवी बरोबर न्या.

गाडीच द्यायची, असं दोन वेळा पटतं. एक, घेणारी संस्था संग्रहालय चालवते आणि गाडी जपायला तिच्याकडे बंदिस्त जागा आहे. दोन, तुम्हाला करसवलतीची गरज नाही आणि संस्थेचे विश्वस्त स्वतः विक्री करायला समर्थ आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतनाच्या ऑटोमोबाइल विभागाला द्यायची असेल तर एक अट लेखी घ्या: शिकवण्यासाठी इंजिन कापून कट-सेक्शन करणार नाही. एका रांगेत आठ सिलिंडरचं ब्युइकचं इंजिन एकदा कापलं की ते पुन्हा मिळत नाही.

कागद: इथेच सगळं अडतं

आरसी बुक उघडून पहिल्यांदा मालकाचं नाव बघा. आजोबांचं नाव असेल तर तुम्ही ती गाडी दान करू शकत नाही, कारण ती अजून तुमची नाही. आधी मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद घेऊन फॉर्म ३१ ने गाडी एका वारसाच्या नावावर करा. बाकी सगळ्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र हवं. लग्न होऊन सांगलीला, बेळगावला गेलेल्या आत्याचंही हवं. तिला विचारलंच नाही म्हणून देणगी वर्षभर लटकते.

परदेशातल्या वारसाबाबत एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. काकांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल आणि गाडीत त्यांचा हिस्सा असेल, तर त्या हिश्श्याचं दान परदेशी देणगी ठरू शकतं. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात वस्तूही देणगीत धरली आहे. ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी माणूस परदेशी नागरिकच. भारतीय पासपोर्ट ठेवलेल्या अनिवासी नातेवाइकाला मात्र ही अडचण नाही. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेली संस्था परदेशी देणगी घेऊ शकत नाही. काकांनी आपला हक्क आधी इथल्या भावाच्या नावे सोडला, आणि मग भावाने स्वतःची म्हणून गाडी दिली, हा मार्ग वकिलाकडून नीट लिहून घ्या.

आता नंबर जुळवणी. बॉनेट उघडा, इंजिनवरचा आणि फ्रेमवरचा नंबर शोधा. वायर ब्रशने घासू नका. केरोसीनचं फडकं आणि जुना टूथब्रश एवढंच वापरा. मग पातळ कागद ठेवून पेन्सिलने ट्रेस घ्या, आरटीओलाही तोच लागतो. चाळीसच्या दशकातल्या कॅडिलॅकला इंजिन नंबर हाच गाडीचा ओळख नंबर असे. त्यामुळे आरसीवर चेसिस आणि इंजिन या दोन्ही रकान्यांत एकच नंबर दिसला तर ती चूक समजून ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. उलट एखाद्या मिस्त्रीने सत्तर-ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलं असेल, तर आरसी आणि गाडी जुळणार नाही, आणि तेही आधीच सांगून टाका. मूळ इंजिन गोडाउनच्या कोपऱ्यात पडलं असेल तर ते गाडीबरोबर गेलंच पाहिजे. अशा गाडीच्या किमतीचा मोठा भाग त्या कोपऱ्यातल्या लोखंडात असतो.

पुस्तकी आरसी सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर बहुधा दिसतच नाही. एमएच ०९ च्या आधीच्या नंबरांचं असं होतंच. आरटीओत अर्ज देऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर, करून घ्यावी लागते. अलीकडच्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अंकी असतो, जुन्या अमेरिकन गाडीचा त्याहून बराच लहान असतो. घाईत शून्याच्या जागी ‘ओ’ टाइप झाला तर पुढे प्रत्येक कागदावर तोच चुकीचा नंबर उमटत जातो. एंट्री झाली की तिथेच खिडकीवर उभं राहून अक्षर न् अक्षर ताडून घ्या.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी घेता येते. अट ही की चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. फॉर्म २० वर अर्ज, विमा, जुनं आरसी आणि फी वीस हजार रुपये. नोंदणी दहा वर्षांची, नूतनीकरणाला पाच हजार. नव्या नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, पण गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो. तो ठेवाच, जुना नंबर हा गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. परदेशातून थेट आणलेल्या गाडीला बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, मागतात. पण जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ ते १९५४ जुळणीचा कारखाना होता. तिथे जुळलेल्या गाडीचं बिल ऑफ एंट्री तुमच्या कपाटात नसणारच, आणि इथल्या जुन्या आरसीवर काम चालतं.

आरसीची मुदत संपली असेल आणि व्हिंटेजही करायची नसेल तर फॉर्म २५ ने पाच वर्षांचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि आयात गाडीची फी साध्या गाडीच्या कित्येक पट असते. हा खर्च संस्थेच्या माथी मारू नका.

गाडीला हात लावण्याआधी

रंग देऊ नका, सीट नवी शिवू नका, क्रोम चढवायला पाठवू नका. दान द्यायची म्हणून दीड लाख खर्चून केलेलं डेंटिंग-पेंटिंग खरेदीदार पुन्हा खरवडून काढतो, आणि खाली पुट्टी निघाली की तेवढे पैसे कापूनही घेतो. फिका पडलेला पण मूळ रंग जास्त मोलाचा आहे. ग्रिल आणि चिन्हं बऱ्याचदा जस्ताच्या ओतकामाची असतात. त्यावर आलेले फोड पॉलिशने जात नाहीत, उलट उरलेलं क्रोम निघतं.

इंजिन फिरतं की जाम आहे एवढं मात्र कळायला हवं, कारण भाव त्यावर ठरतो. उत्साहाने बॅटरी लावून सेल्फ मारणं ही सगळ्यात महागडी चूक. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, जोर लावला की रिंग तुटते नाहीतर पुशरॉड वाकतो. सगळे प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये २० ते ३० मिली ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून टाका, दोन-तीन दिवस राहू द्या. ॲसिटोन लगेच पेटतं, तेव्हा जवळपास वेल्डिंग, विडी काही नको. मग क्रँक पुलीच्या नटाला सॉकेट आणि लांब दांडा लावून हाताने हळूहळू फिरवा, आधी मागे-पुढे चार बोटं. हलत नसेल तर पुन्हा तेल टाकून आठवडाभर थांबा. इंजिन मोकळं झालं की जुनं ऑइल काढून नवीन भरा आणि प्लग न लावताच, ऑइलच्या काट्याला हालचाल दिसेपर्यंत सेल्फवर फिरवा.

सेल्फच्या आधी बॅटरीचा व्होल्ट बघा. कॅडिलॅक १९५३ साली १२ व्होल्टवर आली, त्याआधीची ६ व्होल्टची. पॅकार्ड १९५४ पर्यंत आणि लिंकन, क्रायस्लर १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या, शिवाय पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी सवयीने मायनस बॉडीला लावली की बल्ब, मीटर आणि मूळ व्हॉल्व्हचा रेडिओ एका झटक्यात जातात. केबलही जाड हवी, कारण ६ व्होल्टला तेवढ्याच ताकदीसाठी दुप्पट करंट लागतो. पातळ केबलवर स्टार्टर कण्हतो आणि मिस्त्री स्टार्टरलाच दोष देतो.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या कॅडिलॅकला टाकीचं झाकण सापडत नाही म्हणून लोक हैराण होतात. डावा मागचा लाल दिवा वर उचला, झाकण त्याच्या मागे आहे. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या फ्युएल पंपाचा पडदा, रबरी नळ्या मऊ करतं. गाडी सुरू करून दाखवायचीच असेल तर बाहेरून बाटलीने थोडं पेट्रोल द्या, टाकी रिकामीच राहू दे.

बुश, पिन, वॉटर पंपाचा शाफ्ट, ड्रम टर्निंग अशा कामांसाठी कोल्हापूरकरांना बाहेर जायची गरज नाही, शिवाजी उद्यमनगरातला लेथवाला नमुना बघून वस्तू करून देतो. पण दानाआधी ही कामं काढू नका, घेणाऱ्याला त्याच्या पद्धतीने करू द्या. ब्रेक ड्रम उघडलाच तर आतली धूळ एअर मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने टिपा.

जूनच्या आत काम उरकत नसेल तर गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका. कोल्हापूरच्या पावसात तिच्या खाली घाम धरतो आणि पत्रा आतून खातो. सुती कव्हर, खाली चार जॅक-स्टँड, आणि उंदरांसाठी पिंजरा. जुन्या वायरिंगचं कापडी वेष्टण उंदीर अगदी आवडीने खातात.

सुटे भाग एका पेटीत गोळा करा आणि यादी लिहा: हबकॅप, मूळ जॅक, ॲशट्रे, काच फिरवायचे हँडल, मॅन्युअल. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांना दोन किल्ल्या असतात, अष्टकोनी डोक्याची इग्निशन आणि दाराची, गोल डोक्याची डिकी आणि ग्लोव्हबॉक्सची. गोल किल्ली बहुतेक घरांत देवघराच्या नाहीतर शिलाई मशीनच्या खणात सापडते. ती नसली की डिकी फोडली जाते.

शेवटी उजेडात फोटो काढा: चारही बाजू, खालून फ्लोअर, डिकीचा तळ, नंबर, फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) बॉडीची पट्टी, मीटरचं रीडिंग. गंजलेलं जास्त जवळून काढा. फोटोत लपवलेला गंज बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला दिसतोच, आणि तेव्हा त्याचा विश्वास संस्थेवरूनही उडतो.

नेताना

गाडी चालवत नेऊ नका, सुरू होत असली तरी. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या अमेरिकन गाड्यांना एकच ब्रेक सर्किट असतं. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो, आणि दोन टनांची गाडी दसरा चौकाच्या सिग्नलला हँडब्रेकवर थांबत नाही. फ्लॅटबेड बोलवा, बेड सहा मीटरपेक्षा कमी नको. जुन्या हायड्रामॅटिक, म्हणजे जनरल मोटर्सच्या ऑटोमॅटिक, गिअरला ‘पी’ (पार्किंग) नसतो. इंजिन बंद असताना ‘आर’ (रिव्हर्स) मध्ये टाकलं की मागची चाकं लॉक होतात. विंचने ओढताना चाकं घसटत असतील तर दोष ब्रेकला देण्याआधी लिव्हर ‘एन’ (न्यूट्रल) मध्ये आहे ना बघा. नुसतं पुढून उचलून मागची चाकं रस्त्यावर फिरवत तर अजिबात नेऊ नका, गिअरबॉक्स खराब होण्याचा धोका असतो. पट्टे चाकांना किंवा एक्सलला बांधा, बंपरला नाही.

संस्थेबरोबर काय लिहायचं

संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे का, हे परिशिष्ट एकच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यास-नोंदवहीच्या, उताऱ्यावर बघा. त्यावर विश्वस्तांची नावं असतात. तिथे ज्यांची नावं आहेत त्यांच्याच सहीचा ठराव चालतो. धर्मादाय कार्यालयाचा उतारा जुना असेल तर ताजा मागा, कारण विश्वस्त बदललेले असतात आणि बदल अर्ज प्रलंबित असतो. ठरावात गाडीचा नंबर, ‘देणगी म्हणून स्वीकारत आहोत’ हे शब्द आणि कुणी सह्या करायच्या ते हवं. तुमच्याकडून बक्षीसपत्र. जंगम वस्तूचं दान ताबा देऊनही पूर्ण होतं, पण एवढ्या किमतीच्या वस्तूला कागद असावाच. मुद्रांक किती लागतो ते वकिलाला आधी विचारा. किंमत ठरवायला नोंदणीकृत मूल्यांकनकार गाठा, संस्थेच्या हिशेबालाही तोच आकडा लागतो.

गाडीचं पुढे काय होणार, हे बक्षीसपत्रात लिहा. विकायची असेल तर किती महिन्यांत, किमान किती किमतीला, आणि पैसा कशासाठी. धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी न्यासाची जमीन-इमारत विकताना लागते, गाडीला नाही, त्यामुळे विश्वस्तांच्या ठरावावर विक्री होऊ शकते. बंद लिफाफ्यातले देकार मागवावेत आणि जुन्या गाड्यांच्या क्लबांना कळवावं.

दोन कल्पना हमखास पुढे येतात, दोन्ही थांबवा. पहिली, शंभर रुपयांची कुपनं काढून गाडीची सोडत. अमेरिकेतल्या संस्था हे करतात, आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय लॉटरी चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. दुसरी, लग्नाच्या वरातीला भाड्याने देणं. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर येते, व्यापारी वापर चालत नाही. साध्या खासगी नोंदणीवरही भाडं घेता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करेल.

ताबा दिला त्याच दिवशी मालकी बदलाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या घ्या. तारीख कोरी ठेवू नका. तुम्ही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. गाडी व्हिंटेज नोंदणीची असेल तर ९० दिवसांत परिवहन प्राधिकरणालाही. विम्याचं नाव बदलण्याचा अर्ज संस्थेने १४ दिवसांत करायचा. ‘आमच्याकडून विकली जाईल तेव्हा थेट खरेदीदाराच्या नावावर करू’ असं संस्थेतलं कुणीतरी खर्च वाचवायला सुचवतं. मान्य करू नका. नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या अंगावर येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. महिन्याभराने सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. मालकाच्या जागी संस्थेचं नाव दिसेपर्यंत फॉर्म २९ ची शिक्क्याची प्रत आणि ताबापावती हाताशी ठेवा, आणि नाव दिसत नसेल तर संस्थेच्या कार्यालयात जाऊन फॉर्म ३० आरटीओत जमा झाला का ते विचारा. बहुतेकदा तो तिथल्याच टेबलाच्या खणात असतो.